नणंदेला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड) आहे. औषधं सुरू झाली, पण मनाचं काय? घरच्यांनी नेमकं काय करायचं?

अबोली

नणंद २१ वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वर्षभरात पाळी पाचदाच आली. हनुवटीवर राठ केस, मान काळवंडलेली, दोन वर्षांत वजन ११ किलोंनी वाढलं. गेल्या महिन्यात पीसीओएसचं निदान झालं. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) ५०० मिलिग्रॅम सुरू केलंय, वजन कमी करायला सांगितलंय आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलंय.

पाळी, साखर, वजन यांवर वाचायला भरपूर मिळतं. मला विचारायचंय ते वेगळं आहे. ती कॉलेज बुडवते, रात्री दोन-अडीचपर्यंत जागी असते, सगळ्यांबरोबर ताटावर बसत नाही आणि नंतर स्वयंपाकघरात एकटी खाते. विचारलं की "काही नाही" म्हणते. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव आहे, पण दिवसातून चार वेळा वजनाचा विषय निघतोच. मान स्वच्छ होत नाही म्हणून त्या बेसन-लिंबू लावून ती घासतात. घरात अजून बाजूला बसायची पद्धत आहे, त्यामुळे पाळी लांबली की घरभर कळतं.

हा नुसता आजाराचा थकवा आहे की नैराश्य, हे घरच्यांनी कसं ओळखायचं? डॉक्टरांपुढे मनाचा विषय कोणत्या शब्दांत काढायचा? आणि सासूबाई, सासरे, माझे यजमान, मी, प्रत्येकानं काय करायचं, काय थांबवायचं? "आधार द्या" हे सगळेच सांगतात. जरा उलगडून सांगा.

तगर (स्त्रीरोगतज्ज्ञ)

अबोलीताई, सगळ्यात आधी मान घासणं आजपासून बंद करा. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मान, काखा, जांघा इथली त्वचा जाड, काळपट आणि मखमलीसारखी होते. घासल्यानं ती सोलवटते, लिंबानं चुरचुरते आणि रंग आणखी गडद होतो. इन्सुलिनचा प्रश्न सुधारला की काळेपणा आपोआप उतरतो, पण त्याला कित्येक महिने लागतात. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. "पोरगी नीट अंघोळ करत नाही" ही त्यांच्या मनातली अढी जाईल आणि मुलीचा रोजचा एक अपमान थांबेल. या आठवड्यात एवढी एकच गोष्ट झाली तरी माझ्या दृष्टीनं ती गोळीइतकीच मोलाची आहे.

दुसरा गैरसमज रिपोर्टमधल्या "सिस्ट" या शब्दाचा. घरात त्याचं "गाठी झाल्यात" होतं आणि तिथून कॅन्सर, ऑपरेशन असं काहीबाही मनात येतं. सोनोग्राफीत दिसतात त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजपुटिका (बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या), २ ते ९ मिलिमीटरच्या. बीज पिकून बाहेर पडत नाही म्हणून त्या साठून दिसतात. त्या कापून काढायच्या नसतात. हे मुलीला स्वतःला कुणी सांगितलंय का, ते विचारा. पुष्कळ मुली महिनोन्महिने ही भीती पोटात घेऊन हिंडतात.

आता मनाचं. पीसीओएससाठी २०२३ साली ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या (ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं), त्यांत स्पष्ट म्हटलंय की पीसीओएस असलेल्या प्रत्येक स्त्रीची आणि किशोरवयीन मुलीची नैराश्य व चिंता यांसाठी तपासणी व्हावी. या बायकांमध्ये दोन्हींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, म्हणून. तेव्हा हा विषय काढताना संकोच करू नका. पुढच्या भेटीत असं म्हणा: "तीन आठवड्यांपासून झोप, जेवण आणि कॉलेज तिन्ही बिघडलंय. तिची नैराश्य आणि चिंतेची तपासणी करून हवी आहे. तुम्ही करता की कुणाकडे पाठवता?" "ती जरा टेन्शन घेते" असं म्हणालात, तर गर्दीच्या ओपीडीत ते वाक्य हवेत विरतं.

त्याच भेटीत थकव्याची बाकीची कारणंही बघून घ्या: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व. थायरॉइड मंद असेल तरी पाळी बिघडते, वजन वाढतं आणि मन खाली जातं. घर शाकाहारी असेल तर बी-१२ मुळातच कमी असण्याची शक्यता बरीच, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते आणखी उतरतं. मुंग्या, विसराळूपणा, उदासपणा ही त्याचीही लक्षणं आहेत. ती घोरते का, सकाळी डोकं जड असतं का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का, तेही सांगा. झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास पीसीओएसमध्ये जास्त दिसतो आणि घरचे त्याला आळस समजतात. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त घ्यायचं असतं.

मेटफॉर्मिननं पहिले दोन-तीन आठवडे मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते. म्हणूनच ५०० पासून सुरुवात करून दर एक-दोन आठवड्यांनी डोस वाढवतात. गोळी जेवताना किंवा जेवल्यावर लगेच घ्यायची. ती ताटावर बसत नाही याचं थोडं कारण इथंही असू शकेल, विचारून पाहा. त्रास फार असेल तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. पुढं पाळीसाठी किंवा केसांसाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत चिडचिड, रडू वाढलं, तर तारखेसकट लिहून ठेवा आणि कळवा. गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका.

पाळी ९० दिवसांवर लांबली तर वाट पाहत बसू नका, दाखवा. गर्भाशयाचं अस्तर फार दिवस साचू देणं बरं नाही. गोळ्या देऊन पाळी आणण्याआधी गर्भचाचणीचा प्रश्न डॉक्टर विचारणारच, तेव्हा भेटीतली पाच-दहा मिनिटं तिला एकटीला आत बसू द्या. आई शेजारी बसली की पोरगी केसांबद्दल, खाण्याबद्दल, कशाबद्दलच बोलत नाही.

शांतला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

तगर यांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे. ओळखायचं कसं, त्याबद्दल लिहिते.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत रस वाटेनासा झाला का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष लागणं असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ सौम्य, दहा किंवा जास्त आलं की तज्ज्ञांना दाखवायचं, वीस किंवा जास्त असेल तर त्याच आठवड्यात. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ आहे, तिथंही दहाची रेषा धरतात. यातून निदान होत नाही, पण "दाखवावं का" या घोळातून बाहेर पडता येतं. एक मात्र पाळा: प्रश्नावली तिनं स्वतः, एकटीनं भरायची. वहिनीनं शेजारी बसून विचारली तर सगळी उत्तरं शून्य येतात.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं शून्याखेरीज काहीही आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, थांबायचं नाही. सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. हो म्हणाली तर त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्यासुद्धा, आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ लावा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर ११२ किंवा थेट जवळचं रुग्णालय.

तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला जास्त खुपली: सगळ्यांसमोर न जेवणं आणि नंतर एकटीनं खाणं. कधीतरी असं होणं वेगळं. पण थोड्या वेळात भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं, "थांबताच येत नाही" असं वाटणं आणि मग स्वतःची किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर तो आहाराचा विकार आहे आणि त्याला उपचार आहेत. खाऊची वेष्टनं गादीखाली सापडणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणं, जुलाब व्हावेत म्हणून घेतलेल्या गोळ्या, या खुणा दिसल्या तर आधी ते दाखवा. वजन कमी करायचा कडक आहार अशा वेळी सुरू केला की दिवसभर उपाशी आणि रात्री सुटलेलं खाणं हे चक्र घट्ट होत जातं. सापडलेली वेष्टनं तिच्यापुढे टाकून जाब विचारायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांना बजावा.

कुणाकडे जायचं? समुपदेशक बोलायला चांगले. उपचार म्हणून थेरपी हवी तर भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. गोळ्यांची गरज ठरवतात ते मनोविकारतज्ज्ञ. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात हे येतं. थेरपी साधारण आठवड्याला एक, पाऊण-एक तासाची. पहिल्या दोन भेटींत फरक दिसत नाही, पुष्कळ जणी तिथंच सोडतात. सहा भेटींच्या आत निकाल लावू नका. नैराश्याच्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, म्हणून मनोविकारतज्ज्ञांना पीसीओएस आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

ती सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तिच्या उपचारांची गोपनीयता हा तिचा हक्क आहे. आत काय बोललीस, असं बाहेर आल्यावर विचारू नका. "रिक्षानं जायचं की चहा घेऊन जायचं?" एवढं पुरे.

राजगिरा (आहारतज्ज्ञ)

स्वयंपाकघराबद्दल थोडं लिहितो, कारण घरातल्या बोलण्यातलं अर्धंअधिक बोचरं बोलणं ताटावर होतं.

तिच्यासाठी वेगळं शिजवू नका. एका ताटात उकडलेली भाजी आणि बाकीच्यांना बटाट्याची रस्साभाजी-पुरी, हे जेवण नव्हे, शिक्षा आहे. पीसीओएससाठी कुठलाही एकच खास आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, तेव्हा सगळ्या घराचं ताट बदला: अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, एक वाटी घट्ट आमटी किंवा उसळ, भाकरी किंवा पोळी दोन, भात अर्धी वाटी. सासऱ्यांच्या शुगरलाही तेच लागतं. पन्नास ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रथिनं, दोन अंडी म्हणजे तितकीच. नाश्त्याला नुसते पोहे असतील तर त्यात मूठभर शेंगदाणे, मोड आलेले मूग घाला आणि वर वाटीभर दही द्या. सकाळी प्रथिनं पोटात गेली की रात्री अकराची ती भूक बरीच सौम्य होते. नाश्ता चुकवणारी मुलगी रात्री खाते, ही साधी शरीराची वसुली आहे, तिच्या निश्चयाचा कमकुवतपणा नाही.

उपास. चातुर्मासात आठवड्याला दोन-दोन उपास, दिवसभर चहा आणि संध्याकाळी बशीभर साबुदाण्याची खिचडी, हे या आजारात सगळ्यात वाईट. साखर चढते, उतरते, चिडचिड होते, दुसऱ्या दिवशी खाणं सुटतं. उपास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, भगर-दाण्याची आमटी, ताक, दही, असं दोनदा-तीनदा खाऊन करावा. मुलीनं "मी नाही करत" म्हटलं तर देवाला चालतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यानं तोंडानं म्हणून दाखवायला हवं.

वजनकाटा दिवाणखान्यातून, मोरीच्या दारातून हलवा. पंधरा दिवसांतून एकदा तिनं बघायचं, आकडा तिच्यापाशी. व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम वेगाचा आणि दोन दिवस ताकदीचा, हे ध्येय आहे. पण जिला अंथरुणातून उठणं जड जातंय तिला दीडशेचा आकडा सांगू नका. रात्री जेवल्यावर तुम्ही चप्पल घालून दारात उभ्या राहा आणि "चल ग, कोपऱ्यापर्यंत" म्हणा. दहा मिनिटं. तीन आठवडे एवढंच.

अबोली

मनापासून आभार. मान घासणं थांबलं, सासूबाईंना वाईटही वाटलं, "आधी कुणी सांगितलंच नाही ग" म्हणाल्या. दोन गोष्टी राहिल्या. एक, बाजूला बसण्याचं काय करू? दुसरी, पुढच्या वर्षी स्थळं बघायची बोलणी आहेत. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, सांगायची गरज नाही. यजमान म्हणतात, पत्रिकेबरोबर सांगून टाकू. ती दोन्ही ऐकते आणि उठून जाते. शिवाय घरातल्या पुरुषांनी काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही.

औदुंबर (फॅमिली डॉक्टर)

पुरुषांचं आधी. सासऱ्यांनी एकच काम करावं: नातेवाइकांची तोंडं थांबवावीत. लग्नात, हळदीकुंकवाला, गणपतीत "किती सुटलीस ग", "दाढी यायला लागली की काय" असं कुणी म्हणालं तर मुलीनं उत्तर द्यायचं नाही, बापानं द्यायचं. "तिच्या तब्येतीचं डॉक्टर बघतायत, तो विषय आपल्याकडे नको." एवढंच, आवाज न चढवता, तिच्या देखत. बाप आपल्या बाजूनं उभा राहिला, हे मुलगी विसरत नाही. भावानं पैशांचं बघावं आणि ते तिला मागायला न लावता. थ्रेडिंग, वॅक्सिंग, पुढं लेसर, हा नटण्यामुरडण्याचा खर्च धरू नका, उपचारांचाच भाग धरा. थ्रेडिंगनं केस जाड होतात किंवा वाढतात हे खोटं आहे. औषधांचा केसांवर परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य पुरं करतो. या सहा महिन्यांत तिनं आरशासमोर चिमटा घेऊन बसू नये असं वाटत असेल, तर दर पंधरवड्याचे पार्लरचे पैसे तिच्या खात्यात असू द्या.

बाजूला बसणं. माझं स्पष्ट मत, बंद करा. ज्या घरात पाळीची हजेरी लागते तिथं न आलेल्या पाळीचीही लागते. वर्षातून पाचदा पाळी येणाऱ्या मुलीला "यंदा बसली नाही वाटतं" हे सात वेळा ऐकावं लागतं. एका दमात जमत नसेल तर निदान तिच्यापुरतं थांबवा. तारखा तिनं स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहाव्यात, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल नकोत. आणि गौरी-गणपतीला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. तिच्यात मुळातच तारखांचा पत्ता नसतो आणि पुढं डॉक्टरांना कुठली पाळी आपली आणि कुठली गोळीची हे कळेनासं होतं.

तगर

लग्नानं पीसीओएस बरा होत नाही. ती दीर्घकाळ सांभाळायची गोष्ट आहे, पण सांभाळता येते. मूल होणारच नाही, हेही तितकंच चुकीचं. बहुतेकींना मूल होतं, काहींना बीज पिकवणाऱ्या गोळ्या लागतात, आणि त्यांत लेट्रोझोल ही पहिली पसंती आहे. पाळी अनियमित म्हणजे दिवस राहत नाहीत, असंही नाही, म्हणून लग्नानंतर नको असेल तेव्हा गर्भनिरोधन लागतंच. पुढं कधी दिवस राहायला वेळ लागला तर नवऱ्याचीही वीर्यतपासणी पहिल्याच टप्प्यात करायची. सुनेच्या फाइलवर पीसीओएस लिहिलंय म्हणून तीच वर्षभर सुया घेते आणि त्याची तपासणी होतच नाही, हे फार घडतं.

शांतला

स्थळाबद्दल: सासूबाईंचं "लपवा" आणि तुमच्या यजमानांचं "सांगून टाकू", दोन्हींत तिला कुणी विचारलेलं नाही, म्हणून ती उठून जाते. माहिती तिच्या शरीराची आहे. कुणाला, कधी, किती, हे तिनं ठरवायचं. मध्यस्थाला किंवा बायोडेटावर हे देऊ नका. तिथून ते गावभर होतं आणि अर्ध्या गावाला त्याचा अर्थ "मूल होत नाही" एवढाच कळतो. लपवून केलेल्या लग्नात मात्र पुढं प्रत्येक गोळी लपवत घ्यावी लागते. मधली वाट अशी की दोघांचं एकमेकांकडे मन वळतंय असं दिसलं की, सुपारी फुटायच्या आधी, तिनं मुलाला स्वतः सांगावं. शब्द आधी जुळवून ठेवता येतात: "मला पीसीओएस आहे. पाळी अनियमित असते, त्यासाठी औषध घेते. मूल होऊ शकतं, कदाचित उपचार लागतील. तुला काही विचारायचं असेल तर आपण माझ्या डॉक्टरांकडे एकत्र जाऊ." तो काय उत्तर देतो, यावरून तिलाही त्याच्याबद्दल बरंच कळेल.

पण हे सगळं पुढच्या वर्षाचं आहे. प्रश्नावलीची बेरीज दहा किंवा जास्त आली तर स्थळांचा विषय सहा महिने घरात काढूच नका आणि तो काढायचा नाही असं ठरलंय, हे तिला सांगा. न सांगता गप्प बसलात तर ती बंद दाराआडचं बोलणं कल्पनेनं ऐकत राहते.

सहा आठवड्यांच्या भेटीला एका कागदावर एवढं लिहून न्या: गेल्या बारा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा, दोन आठवड्यांची झोपायची-उठायची वेळ, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ ची बेरीज, मेटफॉर्मिननं झालेला त्रास. कागद तिच्या हातात द्या, तुमच्या पर्समध्ये नको. आणि आत जाताना विचारा, "मी येऊ की बाहेर बसू?" ती जे म्हणेल ते करा.